ब्रोमिन, मिशिगनच्या गाई आणि आपल्या कुत्र्याच्या गोळ्या

दादा, अमेरिकेत ब्रोमिनमुळे गाई मेल्याचं वाचून तुम्ही कुत्र्याचं फिटचं औषध, पोटॅशियम ब्रोमाइड (यातही ब्रोमिन असतं), बंद करायला निघालात. घटना खरी आहे, पण गोळ्या बंद करू नका.

1973, अमेरिकेतलं मिशिगन राज्य. एकाच कंपनीचे दोन माल: गाईंच्या खुराकातलं मॅग्नेशियम ऑक्साइड, नाव 'न्यूट्रीमास्टर', आणि प्लास्टिक लवकर पेटू नये म्हणून वापरायचं पीबीबी हे ब्रोमिनचं संयुग, नाव 'फायरमास्टर'. (नावं ठेवणाऱ्याला काय म्हणावं!) छापील पिशव्या संपल्या होत्या, भुकटी दिसायला सारखीच. फायरमास्टर पशुखाद्याच्या कारखान्यात गेलं आणि खुराकात मिसळलं.

तिथल्या बॅटल क्रीक शहराजवळ रिक हॅलबर्ट या शेतकऱ्याच्या गाईंनी खाणं टाकलं, दूध आटलं, खूर वेडेवाकडे वाढले, केस झडले. दोष शेतकऱ्यांच्याच माथी मारला जात होता. हॅलबर्ट शिकलेले केमिकल इंजिनिअर, ते खाद्य तपासून घेतच राहिले. काही सापडेना. मग एकदा प्रयोगशाळेतलं गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून कागदावर टोकांच्या रूपात दाखवणारं यंत्र; जड पदार्थ उशिरा उमटतात) जेवणाच्या सुट्टीत चालूच राहिलं आणि कागदावर फार उशिरा टोकं उमटली. इतका जड पदार्थ खाद्यात असेल असं कुणी धरलंच नव्हतं. 1974 मध्ये पीबीबीचा उलगडा झाला, तोवर दूध, अंडी, मांस लोकांच्या पोटात गेलं होतं. सुमारे 30,000 गुरं आणि 15 लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

पीबीबी चरबीत मुरतं. गाईच्या दुधातून उतरतं, आईच्या दुधातूनही. माणसाच्या अंगातून निम्मं जायलाच दहा वर्षांहून जास्त लागतात.

तुमची गोळी म्हणजे साधा क्षार. चरबीत साठत नाही, लघवीवाटे जातो. कुत्र्याच्या रक्तातलं प्रमाण साधारण 24 दिवसांत निम्म्यावर येतं, म्हणून डोस स्थिरावायला तीन-चार महिने लागतात. मागचे पाय लटपटणं, सारखी भूक, सारखं पाणी हे होतं. फार लटपटला तर डॉक्टरांना रक्तातलं ब्रोमाइड तपासायला सांगा. मिठाकडे मात्र लक्ष हवं. खाण्यात मीठ वाढलं की ब्रोमाइड भराभर बाहेर पडतं आणि फिट परत येते. म्हणजे फरसाणाचा घास बंद, आणि कुत्र्याच्या खाण्याचा ब्रँड बदलायचा तर डॉक्टरांना विचारून. गोळी एकाएकी थांबवली तरी हाच धोका.

घरात मांजर आहे म्हणालात. तिला फिट आली तरी यातली गोळी देऊ नका. मांजरांना ब्रोमाइडने दम्यासारखा त्रास होतो, कधी जिवावर बेततो.