घरकुलाला हात लावण्याआधी

गावातल्या गरजू कुटुंबाला घर बांधून द्यायचं असेल तर वर्गणीचा ग्रुप सुरू करण्याआधी जागेचे कागद बघा. मुळशी-वेल्ह्याकडे सातबारा बहुतेक सामाईक असतो. चुलत्यांची लेखी संमती नसेल तर जोत्यापर्यंत काम आल्यावर भांडण उभं राहतं, आणि देणगीदारांना काय सांगणार? गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टी आकारणीचा उतारा) काढा. कुटुंबाचं नाव सरकारी घरकुल यादीत आहे का, तेही विचारा. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात, शिवाय रोजगार हमीतून मजुरी.

लोकांना पंखा, रंग, दरवाजा द्यायला आवडतं, त्यावर नाव घालता येतं ना! पायाला कोणी देत नाही. म्हणून पहिली रोख रक्कम पाया आणि स्लॅबसाठीच बाजूला ठेवा. सिमेंटच्या गोण्या कोणी आधीच देऊ केल्या तर दुकानातच जमा ठेवायला सांगा. मुळशीच्या पावसाळी हवेत त्या महिनाभरात गठ्ठा होतात. गोणी बोटाने दाबून बघा, खडे लागले तर ती स्लॅबला नको.

कोथरूड-हिंजवडीची पोरं रविवारी उत्साहाने येतात. त्यांना विटा द्यायला, बांधकामावर पाणी मारायला लावा. सेंट्रिंगवर (स्लॅबखालच्या फळ्या-टेकूंवर) चढवू नका. पाणी मात्र रोज लागतं, रविवारपुरतं नाही, ते घरच्या माणसाकडेच सोपवा.

पैसे नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच घ्या. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगा.