शंका-समाधान : उत्क्रांती आणि खेळाचा तास

प्रश्न : माणूस धावण्यासाठीच घडला असं वाचलं. मग माझ्या वर्गातली निम्मी मुलं एका फेरीतच का बसतात? आळस, की आणखी काही?

उत्तर : माणूस घडला तो संथ आणि लांब धावण्यासाठी. ब्रॅम्बल आणि लिबरमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलेल्या या विचाराच्या बाजूने शरीरातच पुरावे आहेत : टाचेमागची लांब शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा बंध), तळपायाची कमान, मोठा नितंबाचा स्नायू, डोकं स्थिर ठेवणारा मानेमागचा बंध, अंगभर पसरलेल्या घामग्रंथी. वेगाच्या शर्यतीत मात्र आपण बहुतेक चतुष्पादांच्या मागेच राहू. ‘पळा’ म्हटलं की मुलं पहिले शंभर मीटर जीव तोडून धावतात आणि तिथेच दम संपतो.

तेव्हा सुरुवात १ मिनिट धावणं आणि १ मिनिट चालणं अशा ८ आवर्तनांनी करा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवायला सांगा. दोन आठवड्यांनी धावण्याची वेळ २ मिनिटं करा, चालणं तेवढंच ठेवा. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंगही थंड होत नाही. अशा दिवशी आवर्तनं कमी करा.

आता आळसाबद्दल. टांझानियातल्या हाडझा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजातली मोठी माणसंही जागेपणीचे जवळपास १० तास विश्रांतीत काढतात. फरक एवढाच की त्यातला बराच वेळ ती उकिडवी किंवा गुडघ्यांवर बसलेली असतात, त्यामुळे पायांचे स्नायू थोडेफार काम करत राहतात. गरज नसताना ऊर्जा वाचवणं हीसुद्धा उत्क्रांतीचीच देणगी आहे. मुलांना दोष देण्यापेक्षा हलण्याचं कारण द्या. तीस मुलांत एक चेंडू असेल, तर तासाचा बहुतेक वेळ रांगेत उभं राहण्यात जातो आणि त्याला व्यायाम म्हणणं धाडसाचं आहे. चार-चार जणांचे गट करा, प्रत्येक गटाला चेंडू द्या आणि नियम समजावताना सगळ्यांना उकिडवं बसवा.

प्रश्न : काही मुलं चेंडू नुसता ‘ढकलतात’. फेक सुधारायची कशी?

उत्तर : फेकण्यात माणसाचा हात कोणी धरू शकत नाही. चिंपांझी आपल्याहून ताकदवान असतो, पण त्याच्या फेकीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपासच राहतो. सराव असलेला बारा वर्षांचा मुलगा त्याला सहज मागे टाकतो. याचं श्रेय खांद्याला आहे. हात मागे जातो तेव्हा खांद्याभोवतीचे बंध आणि स्नायू ताणलेल्या रबरासारखी ऊर्जा साठवतात आणि ती एका झटक्यात सोडतात. रुंद, खाली उतरलेले खांदे आणि स्वतंत्र वळणारी कंबर ही वैशिष्ट्यं सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टस या आदिमानवात एकत्र दिसतात.

शिकवायचं ते याच क्रमाने. मूल बाजूने उभं राहील, फेकणाऱ्या हाताविरुद्धचा पाय पुढे. कोपर खांद्याच्या उंचीवर, चेंडू डोक्याच्या मागे. पाऊल पडलं की आधी कंबर वळेल, मग छाती, हात सगळ्यात शेवटी. हमखास होणाऱ्या चुका तीन : त्याच बाजूचा पाय पुढे टाकणं, कंबर आणि खांदे एकदम वळवणं, कोपर खाली सोडणं. पहिल्या दोन्हींत ताण साठतच नाही, म्हणून चेंडू ढकलला जातो. दुसरी चूक सुधारायला कठीण. चेंडूशिवाय, पाऊल टाकून फक्त कंबर वळवण्याची १० आवर्तनं आधी करून घ्या.

पूर्ण जोराच्या फेकी एका तासात २०-२५ पुरेत. आपला खांदा शिकारीतल्या मोजक्या फेकींसाठी घडला, रोजच्या शेकडो फेकींसाठी नव्हे. आणि वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळचा वाढीचा भाग नाजूक असतो. खांदा किंवा कोपर दुखू लागलं, तर फेकणं थांबवा.

प्रश्न : मुलांना अनवाणी धावू द्यावं का?

उत्तर : द्यावं, पण घाईने नाही. बुटांची सवय असलेलं मूल अनवाणी धावताना पाऊल पुढच्या भागावर टाकू लागतं आणि सगळा भार पोटऱ्यांवर व टाचेच्या शिरेवर येतो. स्वच्छ गवतावर ५ मिनिटांपासून सुरुवात करा, आठवड्याला २-३ मिनिटं वाढवा.

प्रश्न : शरीराची मापं घेऊन मुलांना लहानपणीच खेळ ठरवून देता येईल का?

उत्तर : नाही. वंश पाहून तर नाहीच : माणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के एकाच समूहातल्या व्यक्तींमध्ये आढळतात. मापं मात्र जरूर घ्या, वेगळ्या कारणासाठी. दर ३ महिन्यांनी, दिवसाच्या एकाच वेळी, बूट काढून उभ्याने आणि बसून उंची मोजा. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींत साधारण १२, मुलांत १४ वर्षांच्या आसपास येतो, पण एकाच वर्गात त्यात चार वर्षांचा फरक सहज असू शकतो. आज संघात निवडलेला मुलगा कदाचित फक्त लवकर वाढलेला असतो. पाय आधी लांबतात, धड नंतर. त्या काळात तोल आणि हालचालींचा मेळ बिघडतो, गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखतं. तेव्हा उड्या आणि वेगाचे सराव निम्म्यावर आणा, तोलाचे खेळ वाढवा आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.