वाचकांचे प्रश्न : मालगुडी शोधायला आगुंब्याला जाताना

दूरदर्शनवरच्या 'मालगुडी डेज'चं बरंचसं चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंबे या गावात झालं. तिथं जायचं म्हणणाऱ्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आगुंब्यात मालिकेतलं नेमकं काय पाहायला मिळतं? स्वामीच्या घरात जाता येतं का? (सांगली)

मालगुडी हे आर. के. नारायण यांच्या कल्पनेतलं गाव. १९३५ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत ते वाचकांना प्रथम भेटलं. शंकर नाग यांनी मालिका करायला घेतली तेव्हा शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळी तालुक्यातलं आगुंबे निवडलं आणि १९८६ पासून ते घरोघरी पोचलं. शंकर नाग आपल्याला परके नाहीत. मुंबईत असताना ते मराठी रंगभूमीवर वावरले, आणि '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा वाटा होता.

चित्रीकरणासाठी उभारलेलं नेपथ्य केव्हाच गेलं. पाहायचं आहे ते मालिकेतल्या छोट्या स्वामीचं घर, म्हणजे 'दोड्डमने'. कन्नडमध्ये याचा अर्थ 'मोठं घर'. मधे उघडा चौक, चारी बाजूंनी सोपे, लाकडी खांब आणि वर मंगळुरी कौलं. कोकणातला किंवा देशावरचा चौसोपी वाडा पाहिलेल्याला त्याची ओळख लगेच पटते. चौकातलं पाणी आत न येता बाहेर कसं जातं आणि सोप्याचं छप्पर किती खाली उतरवलंय, तेवढं नीट पाहा. वर्षाला सात-साडेसात हजार मिलिमीटर पाऊस झेलणारं घर असंच बांधावं लागतं.

हे संग्रहालय नाही, एका कुटुंबाचं राहतं घर आहे. बहुतेकांची चूक इथंच होते. दार उघडं दिसलं की लोक कॅमेरा घेऊन थेट आत शिरतात, आणि स्वयंपाकघरात नाहीतर देवघरात पोचतात. ओसरीवर थांबा, हाक मारा, पादत्राणं बाहेर काढा. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. जेवायचं किंवा मुक्काम करायचा असेल तर निघण्याआधी फोनवर विचारा आणि माणसांचा आकडा नक्की सांगा. रोज किती शिजवायचं ते त्यावर ठरतं. पाहुण्यांकडून ठरावीक दर न घेता जे देतील ते घ्यायचं, अशी या घराची ख्याती आहे. तिचा अर्थ 'फुकट' असा लावू नका. तशाच मुक्कामाला बाहेर जे मोजलं असतं, त्याहून कमी देऊ नये.

ते रेल्वे स्टेशन आगुंब्यात सापडलं नाही. कुठे आहे? (नाशिक)

आगुंब्याला रेल्वेच नाही. मालिकेतलं स्टेशन म्हणजे शिवमोग्गा–तळगुप्पा मार्गावरचं अरसाळू, शिवमोग्ग्यापासून साधारण ३४ किलोमीटर. तेव्हा हा मार्ग मीटरगेज होता, पुढे ब्रॉडगेज झाला. स्टेशनची जुनी इमारत मात्र पाडली नाही. तिथं २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय उभं राहिलं, आणि मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनीच ते घडवलं. तीसहून अधिक वर्षांनी त्याच हातांनी त्याच जागेला पुन्हा मालगुडीचं रूप द्यावं, हे फार सुंदर आहे, आणि तेवढ्यासाठीही वाट वाकडी करावी.

आगुंब्याहून तीर्थहळ्ळी, हुंचा, रिप्पनपेटमार्गे अरसाळूला जायला गाडीने दोन-अडीच तास लागतात. या मार्गावर रेल्वेगाड्या मोजक्याच आहेत. रेल्वेनेच यायचं असेल तर परतीची गाडी आधी पाहा, नाहीतर स्टेशनवर अर्धा दिवस बसून राहावं लागेल. दोन्ही ठिकाणं एका दिवसात उरकायला गेलात तर निम्मा दिवस रस्त्यातच जातो. पहिला दिवस आगुंब्याला द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे कुंदाद्रीची टेकडी (आगुंब्यापासून १७ किलोमीटर, माथ्यावर पार्श्वनाथाचं जैन मंदिर), मग अरसाळू आणि संध्याकाळी शिवमोग्गा, असा क्रम सोयीचा पडतो.

मुंबईहून कसं जावं? स्वतःची गाडी न्यावी का? (ठाणे)

कोकण रेल्वेने उडुपी. लोकमान्य टिळक टर्मिनसहून दुपारी सुटणारी मत्स्यगंधा पहाटे-सकाळी उडुपीला पोचते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा तिकीट काढताना त्या तारखेचीच वेळ पाहा. स्टेशन इंद्राळीला, शहरापासून तीन-चार किलोमीटरवर आहे. रिक्षाने बसस्थानकावर जाऊन हेब्री–सोमेश्वरमार्गे आगुंब्याची बस धरा. अंतर सुमारे ५५ किलोमीटर, वेळ दोन तास. बस छोटीच असते, कारण सोमेश्वराच्या वरच्या घाटातली चौदा वळणं इतकी आवळलेली आहेत की लांब गाडी एका दमात वळत नाही. मोठं सामान ठेवायला त्यात जागा नसते. पाठीवरची एकच पिशवी न्या.

गाडी न्यायची तर हेब्रीत किंवा तीर्थहळ्ळीत टाकी भरून घ्या आणि घाट उजेडात चढा. वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरताना दुसऱ्या गिअरवर राहायचं. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर तळाशी पोचेपर्यंत ब्रेक तापून सैल पडतात. पावसाळ्यात दरड कोसळली की घाट बंद होतो किंवा जड वाहनांना मनाई होते. हेब्रीतच चौकशी करा.

जुलैत जावं की डिसेंबरात? (पुणे)

पाऊस हवा की सूर्यास्त, ते आधी ठरवा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. जून ते सप्टेंबर धुकं आणि पाऊस. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना कल्पना येईल. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून डोक्यापासून गुडघ्यापर्यंतचा रेनकोट घ्या आणि कपड्यांचे दोन जोड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा. ओले कपडे तिथं दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सूर्यास्त नोव्हेंबर ते जानेवारीत. घाटाच्या तोंडाशी सूर्यास्त पाहण्याची जागा आहे, आकाश निवळ असेल तर अरबी समुद्र दिसतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेपाचला तिथं असा. परतताना रस्ता अंधारा असतो, बॅटरी लागतेच. माकडांना खाऊ घालू नका. खाऊच्या आशेनं ती रस्त्यावर बसतात आणि वळणावर गाडीखाली येतात.

एकच वेळ सुचवायची तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध. पाऊस ओसरलेला असतो आणि हिरवं अजून हिरवंच असतं.

सत्तरीच्या आई-वडिलांना जमेल का? (सातारा)

गाव आणि दोड्डमने आरामात. कुंदाद्रीवर गाडी बरीच वर जाते, पण शेवटी पायऱ्या आहेत. घाटाच्या वळणांनी मळमळतं, म्हणून उडुपीत पोटभर डोसे खाऊन लगेच बसमध्ये बसू नये.

मुलं जंगलात जायचं म्हणतात. नागराज आणि जळवांची भीती वाटते. (रत्नागिरी)

नागराज (किंग कोब्रा) या जंगलात आहे, तिथले लोक त्याला 'काळिंग सर्प' म्हणतात. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये इथं पर्जन्यवन संशोधन केंद्र सुरू केलं. ते संशोधनाचं ठिकाण आहे, आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका. साप माणसाला टाळतो. पालापाचोळ्यात हात घालायचा नाही आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, एवढं मुलांना बजावा. बरकण किंवा ओनके अब्बी या धबधब्यांकडच्या जंगलवाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. पावसाळ्यात त्या टाळाच. जोगीगुंडीच्या डोहात मुलांना उतरू देऊ नका.

जळवांचा त्रास मात्र नक्की होतो. विजार मोज्यांत खोचा आणि मोज्यांवर मिठाचं पाणी किंवा तंबाखूचं पाणी चोपडा. भर पावसात ते तासाभरात धुऊन जातं, पुन्हा लावावं लागतं. जळू चिकटलीच तर ओढू नका, तिच्यावर मीठही टाकू नका. तशानं ती पोटातलं जखमेत ओकते. तिच्या निमुळत्या टोकाकडून नख कातडीला टेकवून सरकवा, म्हणजे तोंड सुटतं; मग दुसरं टोक सोडवा. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेतला पदार्थ ते गोठू देत नाही. साबणानं धुवा आणि स्वच्छ फडक्यानं दाबून धरा. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी पावसाळी वाटा टाळाव्यात.

कन्नड येत नाही. जेवणाचं काय? (पणजी)

तुमची कोंकणी चालेल. उडुपीपासून तीर्थहळ्ळीपर्यंत कोंकणी बोलणारी सारस्वत घरं आहेत. बाकी हिंदीवर भागतं, 'ऊट इदेया?' म्हणजे 'जेवण आहे का?' एवढं पाठ करा. नीर दोसा, तांदळाची रोटी आणि आपल्या अळुवडीचं भावंड पत्रोडे चुकवू नका. चहाऐवजी धने-जिऱ्यांचा दूध-गूळ घातलेला कषाय मागा. पावसात भिजून आल्यावर तोच हवा.