कॉर्टेझमध्ये आता कुणी धावत नाही, मग तो अजून खपतो कसा?

तुम्ही विचारलंय की नाइकीचा कॉर्टेझ धावण्याचा बूट म्हणून निघाला, आज त्यात कुणी धावत नाही, तरी पन्नासहून जास्त वर्षं लोक तो घेतायत. ही नुसती 'फॉरेस्ट गम्प' सिनेमाची पुण्याई, ज्यात नायक हाच बूट घालून धावतो, की बुटात खरंच काही आहे?

बुटात आहे. मी कामानिमित्त चार वर्षं लॉस एंजेलिसला होतो आणि तिथेच या बुटाच्या प्रेमात पडलो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात एका मोडलेल्या हाडापासून होते. साठच्या दशकाच्या मध्यावर ओरेगन विद्यापीठात बिल बॉवरमन हे धावण्याचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखालच्या केनी मूरच्या पावलाचं हाड मोडलं. (हाच मूर पुढे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला चौथा आला.) बॉवरमननी त्याला दम दिला नाही की विश्रांती घे म्हणून सांगून सोडून दिलं नाही. त्यांनी त्याचे बूट मागवले आणि उसवून आत पाहिलं. पावलाच्या कमानीखाली पुरेसा आधारच नव्हता. मग त्यांनी स्वतः नवा बूट आखला: टाचेपासून बोटांपर्यंत सलग फोम, आणि टाचेखाली त्याची जाडी जास्त. टाच थोडी वर आली की पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येणारा ताण कमी होतो. रोज डांबरी रस्त्यावर मैलच्या मैल धावणाऱ्याला याचं मोल कळतं. त्या काळचे धावण्याचे बूट बहुतेक पातळ तळाचे असत.

बॉवरमन आणि त्यांचा जुना विद्यार्थी फिल नाइट यांनी 1964 मध्ये पाचपाचशे डॉलर घालून ब्लू रिबन स्पोर्ट्स ही कंपनी काढली होती. जपानमधल्या कोबे शहरातल्या ओनित्सुका कंपनीचे टायगर बूट ते अमेरिकेत विकायचे. बॉवरमनचा आराखडा ओनित्सुकानेच बनवला. तेव्हा मेक्सिकोचं 1968 चं ऑलिंपिक जवळ आलेलं, म्हणून बुटाला त्या देशाशी नातं सांगणारं नाव हवं होतं. 'अझ्टेक' ठरलं, पण आदिदासकडे 'अझ्टेका गोल्ड' होता आणि त्यांनी हरकत घेतली. मग अझ्टेकांचं राज्य बुडवणाऱ्या स्पॅनिश सेनानीचं, एर्नान कोर्तेसचं (इंग्रजीत कॉर्टेझ) नाव लागलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे दोन्ही कंपन्यांचं बिनसलं. ब्लू रिबनने 'नाइकी' नावाने स्वतःचे बूट काढले, 1972 मध्ये कॉर्टेझही त्या नावाने आला. काही काळ एकच बूट दोन कंपन्या विकत होत्या. प्रकरण कोर्टात गेलं आणि 1974 मध्ये कॉर्टेझ हे नाव नाइकीला मिळालं. ओनित्सुकाने आपला बूट 'कॉर्सेअर' म्हणून चालू ठेवला आणि तोही आजवर मिळतो. माझ्याकडे दोन्ही आहेत. शेजारीशेजारी ठेवले की सख्खी भावंडं वाटतात. बाजूचं चिन्ह झाकलं तर नवख्या माणसाला कुठला कुणाचा ते पटकन ओळखू येणार नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. भांडण झालं, नावं बदलली, तरी दोघांनाही आकाराला हात लावावासा वाटला नाही, कारण काढून टाकावं असं त्यात काही नव्हतं.

उरलेलं अर्धं उत्तर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात मिळतं. धावणारे नव्या, हलक्या बुटांकडे वळले तेव्हा कॉर्टेझ मागे पडायला हवा होता. तो उचलला तिथल्या मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी वस्त्यांनी. तो स्वस्त होता, खुल्या बाजारातल्या दुकानांत सहज मिळायचा, मोजक्या रंगांत यायचा. कडक इस्त्रीची ढगळ खाकी पँट, पोटरीपर्यंत पांढरे मोजे आणि खाली डाग नसलेला कॉर्टेझ, हा तिथला पेहरावच झाला. मी त्याच भागातल्या बॉइल हाइट्स वस्तीजवळ राहायचो. बसमध्ये समोर बसलेल्या साठीच्या गृहस्थांच्या पायात काळा-पांढरा कॉर्टेझ आणि त्यांच्या नातवाच्याही पायात तोच, असं मी कितीदा पाहिलंय. आमच्या इमारतीतले एक काका दर रविवारी जिन्यात बसून जुन्या टूथब्रशने बुटाच्या कडा घासायचे. पैसे बेताचे असले तरी आपण टापटीप दिसतो, हे त्या बुटाने त्यांना दिलं होतं.

आणि नाव कुणाचं? कोर्तेसचं, ज्याने 1521 मध्ये अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान जिंकून उद्ध्वस्त केली. त्याच मेक्सिकोशी रक्ताचं नातं सांगणाऱ्या लोकांनी तो बूट इतका आपला केला की आज त्या शहरात 'कॉर्टेझ' म्हटलं की आधी त्यांचीच आठवण होते. मला हे फार थोर वाटतं. याला एक दुखरी बाजूही आहे. टोळ्यांमधल्या पोरांच्याही पायात हाच बूट असायचा, त्यामुळे कित्येक साध्या मुलांकडे केवळ बुटावरून संशयाने पाहिलं गेलं.

आता सिनेमा. 'फॉरेस्ट गम्प' आला 1994 मध्ये. त्याआधी 1976 मध्ये 'चार्लीज एंजल्स' या मालिकेत फॅरा फॉसेट कॉर्टेझ घालून स्केटबोर्डवर दिसली होती, आणि पूर्व लॉस एंजेलिसलाही सिनेमाने शिकवायची गरज नव्हती. सिनेमाने पांढरा-लाल-निळा रंगमेळ जगभर नेला, हे मात्र खरं. भारतात बहुतेकांना तोच ठाऊक असतो.

घ्यायचा विचार असेल तर दोनतीन गोष्टी सांगतो. धावायला घेऊ नका, आजचे बूट त्या कामात कितीतरी पुढे गेलेत. रोजच्या चालण्याला आणि ऑफिसला उत्तम. चवड्याशी हा बूट पूर्वी अरुंद असायचा, 2023 च्या आवृत्तीत पुढचा भाग रुंद केलाय, त्यामुळे जुना साठा घेत असाल तर पायात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुण्याच्या पावसात चामड्याचा जास्त सोयीचा, चिखल ओल्या फडक्याने पुसला जातो. नायलॉनचा हलका आणि हवेशीर, पण पावसात लवकर भिजतो.

आणि हातात घेतलात की आडवा धरून तळ बघा. दोन पांढऱ्या थरांमध्ये एक रंगीत पट्टा दिसेल, टाचेकडे जाड, पुढे निमुळता होत गेलेला. बरेच जण ती नक्षी समजतात. मूरच्या दुखापतीनंतर बॉवरमननी टाचेखाली जी उंची दिली, ती अजून तिथेच आहे.