बाबा पडतात कुठे, ते पाहा

पत्र : माझे वडील 74 वर्षांचे आहेत. रोज पहाटे विश्रामबागेतून सायकलने गणपती मंदिरापर्यंत जाऊन येतात. डावा गुडघा झिजलाय, नीट वाकत नाही. गेल्या पावसाळ्यापासून दोनदा पडले, दोन्ही वेळा घराच्या फाटकाशीच, उतरताना. दुसऱ्या वेळी मनगटाला प्लास्टर घालावं लागलं. शेवटी सायकलला कुलूप घालून किल्ली मी माझ्याकडे ठेवली. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोलत नाहीत. या वयात हट्ट बरा नव्हे, हे त्यांना कसं समजावू?
– एक मुलगा, सांगली

उत्तर : एवढं पत्र लिहिलंत आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दोन शब्दांत उरकलीत : ‘फाटकाशीच, उतरताना.’ कृष्णाकाठापर्यंत जाऊन, रिक्षा-टेम्पो चुकवत हा माणूस सुखरूप परत येतो आणि दारात सायकल थांबल्यावर पडतो. चुकतंय ते उतरणं, आणि तुम्ही बंद केलंत चालवणं.

त्यांची सायकल दांड्याची असणार. त्या पिढीचे पुरुष दुसरी घेतच नसत. तिच्यावरून आपण डावीकडे उतरतो : डावा पाय पायडलवर ठेवून उजवी टांग मागून काढायची. त्या क्षणी अख्ख्या अंगाचा भार एकट्या डाव्या गुडघ्यावर, तोही अर्धवट वाकलेल्या. बाबांचा दुखरा गुडघा नेमका तोच. त्यात कॅरिअरला दुधाची पिशवी असली, तर टांग आणखी वर न्यावी लागते. पडतील नाहीतर काय? यात हट्टाचा संबंधच कुठे आला?

चक्कर येऊन पडले असते, तर मी वेगळं लिहिलं असतं. पण सीटवर बसलेले असतात तोवर त्यांचा गुडघा सुखात असतो, कारण बराचसा भार सीट पेलते. चालताना तोच भार गुडघ्यावर येतो. गुडघे झिजलेल्या कितीतरी माणसांना चार पावलं जड जातात, सायकल मात्र जमते. वडिलांना जे जमत होतं तेच तुम्ही काढून घेतलंत, याचा मला राग आला.

मनगटाबद्दल डॉक्टरांनी हो म्हटलं, की येत्या रविवारी बाबांना घेऊन सायकलच्या दुकानात जा आणि बिनदांड्याची सायकल घ्या. लेडीज सायकल म्हणतो ना, तीच. ब्रेक दाबून पूर्ण थांबायचं, सीटवरून पुढे सरकून दोन्ही पाय जमिनीला टेकवायचे आणि मग पाय पुढूनच काढून घ्यायचा. टांग मारायचीच नाही. सीट फार खाली करू नका, त्याने गुडघा जास्त वाकवावा लागतो. पायडल वर येताना गुडघा अडत असेल, तर क्रँक, म्हणजे पायडल जिला जोडलेलं असतं ती पट्टी, आखूड बसवून मिळेल का विचारा. पायडलचा फेरा लहान झाला की गुडघ्याला कमी वाकावं लागतं.

‘बायकांची सायकल’ म्हणून बाबा नाक मुरडतील. नेदरलँड्समध्ये म्हातारे पुरुष सर्रास अशा सायकली वापरतात, पण ते सांगून बाबांना पटणार नाही. दुकानातून घरापर्यंत ती तुम्ही स्वतः चालवत आणा, गल्लीतल्या सगळ्यांदेखत.

जुनी सायकल दारात ठेवू नका, सवयीने टांग तिच्यावरच जाईल. ती कुणाला द्यायची, हे मात्र बाबांनाच ठरवू द्या.