वाचकांचे प्रश्न : पिल्लू नव्या घरी देण्याआधी

प्रश्न : मी नोकरी सांभाळून, छंद म्हणून, गच्चीवरच्या खोलीत सन कॉन्युर या पोपटवर्गीय पक्ष्यांच्या दोन जोड्या पाळतो. यंदा दोन्ही जोड्यांना पिल्ले झाली आहेत. चौकशी करणारे बहुतेक जण तीन-चार आठवड्यांचेच पिल्लू मागतात. आपल्या हाताने भरवले की ते लवकर माणसाळते, असे त्यांचे म्हणणे आहे. ओळखीचा एक विक्रेता सगळी पिल्ले एकरकमी घ्यायला तयार आहे. पिल्ले केव्हा आणि कोणाला द्यावीत? कागदपत्रे कोणती लागतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हाताने भरवावे लागणारे पिल्लू कोणालाही देऊ नका, मग त्यासाठी कितीही पैसे मिळोत. सन कॉन्युरची पिल्ले साधारण आठ ते दहा आठवड्यांची झाली की आपापली खाऊ लागतात, पण त्यातही प्रत्येकाचा वेग वेगळा असतो, त्यामुळे केवळ वयावर विसंबू नये. सिरिंजने भरवणे पूर्ण बंद केल्यानंतर निदान दोन आठवडे पिल्लू स्वतः नीट खात असेल आणि सकाळी उपाशीपोटी ग्रॅमच्या काट्यावर घेतलेले त्याचे वजन टिकून असेल, तरच ते जायला तयार झाले असे समजावे.

या आग्रहाचे कारण पक्ष्यांचा डॉक्टर म्हणून रोजच्या उपचारांत माझ्यासमोर येते. पिल्लांना भरवायचे पातळ खाद्य, म्हणजे फॉर्म्युला, ३९ ते ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. नवखा माणूस ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करतो, वरवर बोट लावून पाहतो आणि भरवतो. मधला भाग मात्र कढत राहिलेला असतो. त्या दिवशी पिल्लू थोडे मलूल दिसते, एवढेच. काही दिवसांनी छातीच्या वरच्या बाजूस, अन्न साठवण्याच्या पिशवीवरची कातडी लाल होऊन तिच्यावर खपली धरते, खपली सुटते आणि भरवलेले अन्न त्या भोकातून बाहेर ओघळू लागते. फॉर्म्युला थंड असेल तर ते पिशवीतच साचून आंबते. घाईने भरवताना ते श्वासनलिकेत गेले, तर बहुतेकदा डॉक्टरकडे पोहोचण्याइतकाही वेळ मिळत नाही. माणसाळण्याचा या सगळ्याशी संबंध नाही. तुमच्या घरी रोज हाताळलेले, माणसांचे आवाज ऐकत वाढलेले आणि खायला शिकलेले पिल्लू नव्या घरातही तितकेच जवळ येते.

ज्यांना थांबवत नाही त्यांच्याकडून आगाऊ रक्कम घ्या आणि सुटीच्या दिवशी पिल्लाला भेटायला बोलवा. अशा दोन-तीन भेटींत माणूस बराच कळतो. पाते फिरत असलेला छताचा पंखा, नॉनस्टिक तव्याचा अतितापल्यावर निघणारा धूर आणि उघडी खिडकी, या तिन्हींची कल्पना त्यांना तेव्हाच द्यावी. वजनाने सव्वाशे ग्रॅमच्या आत असलेल्या या पक्ष्याचा आवाज चार घरे ओलांडून जातो आणि तो वीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक जगू शकतो, हे ऐकून काही जण मागे फिरतील. ते फिरलेलेच बरे. एकरकमी घेणाऱ्या विक्रेत्याला मी नकारच देईन, कारण त्याच्याकडून पिल्लू कोणाच्या घरी गेले हे तुम्हाला कळणार नाही, आणि आपण जन्माला घातलेला पक्षी अडचणीत आला तर त्याला परत घ्यायची तयारी ही छंद म्हणून पैदास करणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे, असे मी मानतो. देताना सध्याचा आहार लिहून द्या, आठवडाभर पुरेल इतके तेच खाद्य सोबत द्या आणि आजारी किंवा शंकास्पद विष्ठेचे पिल्लू तपासणीशिवाय हलवू नका. पोपटवर्गीय पक्ष्यांचा एक श्वसनरोग माणसालाही होतो.

आता कागदपत्रांविषयी. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यानुसार साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील विदेशी प्राणी अनुसूची ४ मध्ये आले असून सन कॉन्युर त्यांत मोडतो. अशा जिवंत प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाले. नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर होते आणि पिल्लांचा जन्म, मृत्यू व पक्षी दुसऱ्याकडे सोपवणे हेही कळवावे लागते. तुमच्या जोड्यांचीच नोंद नसेल, तर जिल्ह्याच्या वन कार्यालयात चौकशी करून ती मार्गी लागेपर्यंत एकही पिल्लू देऊ नका. घेणाऱ्याच्या नावावर नोंद होणार नसेल, तर त्यालाही देऊ नका.

प्रश्न : दीड वर्षापूर्वी घेतलेला आमचा सन कॉन्युर फार ओरडतो. सोसायटीत तक्रारी होतात. गावाकडे शेतावर मोकळा सोडला तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : कृपया सोडू नका. हा दक्षिण अमेरिकेतला पक्षी आहे. पिंजऱ्यात वाढल्यामुळे त्याला अन्न शोधता येत नाही आणि घार-कावळ्यांपासून जीव वाचवता येत नाही. सकाळी आणि तिन्हीसांजेला ओरडणे हा त्याचा स्वभाव आहे, ते पूर्ण थांबणार नाही. मात्र दिवसभर ओरडत असेल, तर त्याला रोज दहा-बारा तास अंधारी, शांत झोप मिळते का आणि कुरतडायला लाकूड किंवा नारळाच्या शेंड्या आहेत का, हे पाहा. तरीही जमत नसेल, तर ज्याच्याकडून घेतला त्याला आधी फोन करा. त्याने घेतला नाही, तर पक्ष्यांच्या डॉक्टरमार्फत स्वतंत्र घर असलेले, आधी पोपटवर्गीय पक्षी सांभाळलेले कुटुंब शोधा आणि पक्षी सोपवल्याची नोंद पोर्टलवर करा.