नियमांच्या समितीवर नव्याने आलात, तर...

पूरक आहार उत्पादकांच्या संघटनेत काम करायचं ठरवलंत, मनापासून आनंद झाला. आधी 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 22 आणि 2016 चे न्यूट्रास्युटिकल (पोषक घटकांपासून बनवलेल्या आरोग्यपूरक उत्पादनांचे) विनियम स्वतः वाचा. सुरुवातीला मी गोषवाऱ्यावर विसंबलो आणि भर बैठकीत साध्या प्रश्नावर निरुत्तर झालो.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नियमांचा मसुदा आला की हरकतींसाठी बहुधा 60 दिवस मिळतात. त्यातले बरेचसे सभासदांची मतं जुळवण्यातच जातात, कारण मोठ्या कंपनीला सोयीचा बदल लहान कारखान्याला परवडेलच असं नाही. एकमत नसेल तर ते ओढूनताणून दाखवू नका. हरकतीत मूळ तरतूद, हवा असलेला नेमका शब्दबदल आणि कारण लिहा. ‘उद्योगाचं नुकसान होईल’ हे कारण पुरत नाही. समजा, क जीवनसत्त्व साठवणुकीत घटतं म्हणून उत्पादक थोडं जास्त घालतात. मग आरडीएच्या, म्हणजे शिफारस केलेल्या दैनंदिन प्रमाणाच्या, मर्यादेबद्दल बोलायचं तर स्थिरता चाचणीचे आकडे जोडा. अधिकारी ते नीट वाचतात, हा माझा अनुभव आहे.

नियम दिल्लीत होतात, पण नमुने घेतो तो राज्याचा अन्न सुरक्षा अधिकारी. म्हणून आपल्याकडच्या अन्न व औषध प्रशासनाशीही बोलणं ठेवा.

आणि एखादा सभासद ‘मधुमेह बरा होतो’ अशी जाहिरात करत असेल, तर त्याची बाजू कधीही घेऊ नका, वर्गणी कितीही मोठी असो. तिथे विश्वास रुग्णाचा पणाला लागलेला असतो.